गाडीमागे ओढायचा चिपर निवडताना इंचांआधी फांदी, गाडी आणि माणसं पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार जणांची टोळी, काम मुख्यतः बागांमधली आणि रस्त्याकडेची छाटणी, अधूनमधून एखादं अख्खं झाड उतरवायचं. आतापर्यंत फांद्या तशाच गाडीत रचून नेल्या, आता पिकअपमागे ओढता येईल असा चिपर, म्हणजे फांद्यांच्या ढलप्या करणारं यंत्र, घ्यायचा आहे. सहा इंची घ्यावा की पुढचा विचार करून एकदम बारा इंची? पाती चकतीवर बसवलेला (डिस्क) की पिंपावर बसवलेला (ड्रम)? आणि वापरलेलं मशीन घ्यायचं तर त्यात काय तपासायचं?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. तुमच्या कामाला बारा इंची मशीन लागत नाही. सहा ते नऊ इंचांच्या वर्गातलं, रुंद तोंडाचं, लाकूड आत ओढणाऱ्या जोरकस रोलरचं आणि तुमच्या गाडीला नियमात बसून ओढता येईल इतक्याच वजनाचं मशीन घ्या. डिस्क की ड्रम हा वाद त्यानंतरचा. आणि तोंडाशी थांबवण्याची व्यवस्था नीट काम करत नसेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही ते मशीन घेऊ नका.

कॅटलॉगमधला इंचांचा आकडा एवढंच सांगतो की जास्तीत जास्त किती जाड लाकूड आत शिरू शकेल. तेवढं जाड लाकूड मशीन दिवसभर कापत राहील, असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. त्याच लांबीच्या ४ इंची फांदीपेक्षा ६ इंची फांदीत सव्वादोन पट लाकूड असतं, आणि १२ इंची ओंडक्यात ६ इंचीच्या चौपट. त्यामुळे ६ इंची म्हणून विकलेलं मशीन ४ इंचांपर्यंतच्या फांद्या न अडखळता ओढतं आणि पूर्ण ६ इंचाची आली की थांबत थांबत कापतं. तेही ओल्या, मऊ लाकडात. वाळलेलं, कठीण लाकूड असेल तर आणखी एखादा इंच कमी धरा. मी हिशेब असा मांडतो: रोजच्या कामात जी सर्वात जाड फांदी चिपरमध्ये घालायची आहे, तिच्या दीडपट आकड्याचं मशीन. तुमची ती फांदी बहुतेक ४ ते ५ इंचांची असणार.

आता मोठ्या ओंडक्याचा विचार करा. ३० सेंटीमीटर जाडीचा आणि २ मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण १३०-१४० किलो भरतो. तो चिपरच्या टेबलापर्यंत, म्हणजे तोंडासमोरच्या फळीपर्यंत, कोण उचलणार? चार माणसांची टोळी दिवसातून असे दहा-वीस ओंडके उचलू लागली तर आठवड्याभरात कुणाची तरी कंबर धरते. म्हणजे बारा इंची मशीन घेतलं की त्यासोबत दोराने ओंडका ओढणारा विंच तरी लागतो, नाहीतर लोडर. शिवाय आठ इंचांच्या वरचं लाकूड सरपणाला किंवा कापून फळ्यांना जातं, त्याला मागणी असते. त्याच्या ढलप्या करायच्या म्हणजे डिझेल जाळून चांगल्या लाकडाचं मोल घालवायचं. वादळानंतरची सफाई, रस्तारुंदीकरण, विजेच्या तारांखालचे लांबलचक पट्टे मोकळे करणं अशी कामं सतत असतील आणि लोडरने भरण करणार असाल, तर मोठं मशीन पहिल्या दिवसापासून कामाला येतं. छाटणीच्या कामात मात्र ते बराच वेळ नुसतं धडधडत उभं राहतं, कारण तिथे वेळ जातो तो झाडाखालून फांद्या ओढत आणण्यात.

इंचांपेक्षा मी तोंडाकडे आणि रोलरकडे जास्त वेळ पाहतो. फांदी सरळसोट नसते. तिला बेचकी असतात, आडवे फाटे असतात, शेंड्याला पसरट पाल्याचा झुबका असतो. एकाच ‘६ इंची’ शिक्क्याच्या दोन मशीनांत एकाचं तोंड ६ बाय ६ असतं आणि दुसऱ्याचं ६ बाय ९. पहिल्यात प्रत्येक बेचकं अडतं, करवत घेऊन एक माणूस कायम टेबलाशी उभा ठेवावा लागतो. दुसऱ्यात तेच बेचकं मुरगळून आत जातं. दिवसाच्या शेवटी हा फरक अश्वशक्तीच्या फरकापेक्षा मोठा ठरतो. टेबलापासून रोलरपर्यंतचं नरसाळंही पाहा. ते हळूहळू निमुळतं होत गेलेलं असेल तर फाटे आपोआप आत दबतात. एकदम अरुंद होत असेल तर फाटे कडेला अडकतात आणि माणसाला आत हात घालून ढकलायचा मोह होतो, जो कधीच होऊ द्यायचा नसतो.

रोलरचं काम दोन प्रकारचं: लाकूड पकडून आत ओढायचं आणि फाटे चिरडायचे. वरचा रोलर जाड बुंध्यावर चढून बसला पाहिजे आणि बसल्यावर दाबून धरला पाहिजे. हा दाब काही मशीनांत नुसत्या स्प्रिंगचा असतो, काहींत हायड्रॉलिक. रोलर उचलायची आणि खाली दाबायची हायड्रॉलिक सोय असेल तर पसरट फांद्यांत तिचा फार उपयोग होतो. दाब कमी पडला की काय होतं ते ओळखता यायला हवं: फांदी जागच्या जागी थांबते, रोलरचे दात फिरत राहतात, साल सोलली जाते आणि खाली ओल्या, बुळबुळीत लाकडात एक खळगा पडतो. एकदा खळगा पडला की ती फांदी त्या जागी पुढे जात नाही. ती रिव्हर्स करून बाहेर काढायची आणि वळवून दुसऱ्या बाजूने घालायची. प्रात्यक्षिकात असं वारंवार घडत असेल तर रोलरचा दाब, दातांची धार किंवा पाती यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. पाती बोथट असली तर लाकूड स्वतःहून आत खेचलं जात नाही आणि सगळा भार रोलरवर येतो.

याच ओघात फांदी घालायची एक रीत सांगतो. बेचकं रुंद असेल तर फाटा पूर्ण तोडत बसू नका. बेचक्याच्या कुशीत, दोन्ही फाटे जिथे मिळतात तिथे, करवतीने अर्ध्यापर्यंत एक काप द्या आणि मग बुंध्याकडून घाला. रोलरचा दाब पडला की फाटे त्या कापावर मिटतात आणि अख्खी फांदी एका तुकड्यात जाते. हा काप जमिनीवरच द्यायचा, टेबलावर करवत चालवायची नाही.

रोलरवर लक्ष ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा हल्ली बहुतेक चांगल्या मशीनांत असते. इंजिनाचे किंवा रोटरचे (पाती बसवलेल्या फिरत्या भागाचे) फेरे ठराविक मर्यादेखाली आले की रोलर थांबतात, काही मशीनांत फांदी थोडी मागेही सरकते, आणि फेरे पुन्हा चढले की रोलर आपोआप सुरू होतात. ही सोय नसलेलं मशीन घेऊ नका. ती नसेल तर प्रत्येक जाड फांदीला माणसाने दांडा पुढेमागे करत बसायचं, आणि लक्ष चुकलं की रोटर लाकडात रुतून बंद पडणार. तपासणी सोपी आहे: मशीनच्या मर्यादेच्या जवळपासची एक ओली फांदी घाला आणि कान द्या. आवाज थोडा खाली यावा, रोलर थांबावेत, आवाज वर चढावा, रोलर पुन्हा फिरावेत. इंजिन गुदमरून काळा धूर सोडू लागलं किंवा बंदच पडलं तर यंत्रणा नीट लावलेली नाही, नाहीतर ती कुणीतरी बंद करून ठेवली आहे.

डिस्क आणि ड्रम यांच्याबद्दल लोक हिरिरीने भांडतात. डिस्कच्या मशीनमध्ये जड पोलादी चकती फिरते, तिच्या तोंडावर पाती बसवलेली असतात आणि मागच्या बाजूला किंवा कडेला पंख. चकतीचं वजन आणि तिचा वेग यांमुळे तिच्यात बरीच ऊर्जा साठून राहते, म्हणून लहान इंजिनावरही ती एकट्यादुकट्या जाड फांदीचा धक्का सहज पेलते. ढलप्या बऱ्यापैकी एकसारख्या पडतात आणि पंखांमुळे लांब फेकल्या जातात. अडचण अशी की लाकूड चकतीच्या अर्ध्या भागावरच कापता येतं, त्यामुळे तोंड रुंद करायचं तर चकती खूप मोठी करावी लागते.

ड्रममध्ये पाती आडव्या पिंपावर असतात आणि तोंड पिंपाच्या पूर्ण रुंदीचं ठेवता येतं. फाटेफुटव्यांच्या, पसरट कामाला म्हणूनच ड्रम आवडतो, आणि मोठ्या मशीनांत तो जास्त दिसतो. पिंपाचा व्यास चांगला मोठा असेल तर कापताना तो लाकूड खेचतोही छान. ओला पाला आणि तंतुमय माल मात्र काही ड्रम मशीनांच्या धुराड्यात, म्हणजे ढलप्या बाहेर फेकणाऱ्या नळात, अडकतो, म्हणून फेकणीसाठी वेगळा पंखा किंवा पट्ट्या दिल्या आहेत का ते विचारा. सहा इंचांच्या आसपास मी डिस्ककडे झुकतो, नऊ इंचांच्या पुढे ड्रमकडे. मधल्या जागेत ज्याचं तोंड रुंद आणि ज्याचे सुटे भाग लवकर मिळतात ते.

तुमच्या कामात झावळ्या किंवा बांबू जास्त असतील तर ती गोष्ट विक्रेत्याला आधीच सांगा आणि प्रात्यक्षिकात तोच माल घाला. झावळीचे तंतू कापले न जाता रोलरच्या आणि रोटरच्या शाफ्टभोवती गुंडाळले जातात, मग बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतात. बांबू उभा चिरतो आणि त्याच्या लांब, टोकदार कांब्या धुराड्यातून बाहेर येतात. दोन्हींना पाती आणि ज्या पट्टीवर टेकून लाकूड कापलं जातं ती समोरची स्थिर पट्टी अगदी धारदार लागते. जाड फांद्यांच्या मध्ये झावळ्या मिसळून घातल्या तर त्रास बराच कमी होतो. वेली तर नेहमी तोडून, आखूड करूनच घालाव्यात. एक टोक रोलरमध्ये आणि दुसरं कुणाच्या पायात, हा प्रकार फार भयानक असतो.

इंजिनाबद्दल एक गोष्ट बाजारात फिरताना लक्षात येईल. अनेक कंपन्यांच्या लहान डिझेल मशीनांवर २५ अश्वशक्तीच्या आसपासच आकडा थांबलेला दिसतो. त्याला कारण आहे. अमेरिकेचे आणि युरोपचे धुराचे नियम १९ किलोवॉटच्या, म्हणजे साधारण २५ अश्वशक्तीच्या वर कडक होतात. युरोपच्या ‘स्टेज ५’ नियमांनंतर त्यापुढच्या डिझेल इंजिनांना सहसा काजळी पकडणारा फिल्टर लावावा लागतो. हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी इंजिनावर भार आणि उष्णता लागते. चिपरचं इंजिन तासनतास कमी फेऱ्यांवर नुसतं चालू ठेवायची सवय असेल तर फिल्टर चोंदतो आणि काम मध्येच थांबतं. फिल्टरचं मशीन घेतलंत तर टोळीला पहिल्या दिवसापासून शिस्त लावा: फांद्या आधी रचून ठेवायच्या, मग मशीन सुरू करायचं, पूर्ण फेऱ्यांवर सलग चालवायचं आणि बंद करायचं. याने इंधनही वाचतं आणि शेजाऱ्यांचे कानही.

पेट्रोल इंजिन हलकं असतं, त्यामुळे वजनाच्या मर्यादेत बसायला सोपं जातं, पण तेवढ्याच कामाला इंधन जास्त पितं. रोज दोन-तीन तासांच्या वर चिपर चालणार असेल तर डिझेल बरं. कुठलंही घ्या, रेडिएटरची जाळी सहज हाताशी येते का ते बघा. चिपरभोवती बारीक भुसा सतत उडत असतो आणि जाळी चोंदून इंजिन तापणं हा या मशीनचा नेहमीचा आजार आहे. जाळी साफ करायला चार बोल्ट काढावे लागत असतील तर ती कुणीही वेळेवर साफ करणार नाही.

आता ओढण्याचा भाग. मशीनची निवड अर्धीअधिक इथेच ठरते, तरी लोक तो शेवटी पाहतात. सहा इंची मशीनं साधारण ७०० ते १००० किलोंची असतात, आठ-नऊ इंची १२०० ते २००० किलोंच्या दरम्यान आणि बारा इंची दोन टनांच्या पुढे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, म्हणूनच तिकडची कितीतरी लहान मशीनं ७५० किलोंच्या जरा खाली बेतलेली दिसतात. तुमच्या भागातली मर्यादा, परवान्याचा वर्ग आणि ट्रेलरची नोंदणी हे तिघं आधी तपासा. मग गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे शोधा: ब्रेक नसलेला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढता येतो आणि ब्रेक असलेला किती. दोन्हींत मोठा फरक असतो. तिसरा आकडा गाडी आणि ट्रेलर मिळून एकत्रित वजनाचा, आणि चूक बहुतेक वेळा याच आकड्यापाशी होते.

कारण असं की ढलप्या दिसतात हलक्या. ताज्या ओल्या ढलप्या एका घनमीटरला ३०० ते ४०० किलो भरतात. पिकअपच्या हौद्याला उंच फळ्या लावून ६ घनमीटर जागा केलीत तर भरल्यावर दोन टनांच्या आसपास वजन झालं, आणि मागे चिपर आहेच. सकाळी रिकामी गाडी ज्या चढावर सहज गेली त्याच उतारावर संध्याकाळी ब्रेक कमी पडतात. हौद्याच्या कडेला आतून रेघ मारून ठेवा: चिपर जोडलेला असताना ढलप्या इथपर्यंतच. एकदा वजनकाट्यावर भरलेली गाडी आणि चिपर दोन्ही नेऊन ही रेघ नक्की करा.

चिपरचा भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, किती येतो तेही पाहा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर असावा आणि तो गाडीच्या हिचच्या मर्यादेत बसावा. भार फार कमी असला तर वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवू लागतो, फार जास्त असला तर गाडीचं नाक वर उचललं जातं आणि पुढच्या चाकांची पकड जाते. हिचच्या बॉलचं आणि त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या कपलरचं माप जुळवा. ५० मिलिमीटर आणि २ इंच ही मापं डोळ्यांना सारखीच दिसतात, पण २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि ज्या मापाचा बॉल त्याच मापाचा कपलर लागतो. सुरक्षेच्या साखळ्या जोडाखाली एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, म्हणजे जोड निसटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर झेलला जातो. ब्रेकची तुटतार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) गाडीच्या पक्क्या भागाला अडकवा, हिचच्या बॉलला नाही.

निघण्याआधी धुराडं वळवून पक्कं करायचं, टेबल दुमडून पिन घालायची, विंच असेल तर दोर पूर्ण गुंडाळून अडकवायचा. रस्त्याकडेचं काम जास्त असेल तर फिरत्या पाटावर बसवलेलं मशीन बघा. गाडी न हलवता तोंड पदपथाकडे वळवता येतं आणि माणसं वाहतुकीत उभी राहत नाहीत. त्याने वजन वाढतं, पण तुमच्या कामाला हा खर्च योग्य आहे असं मला वाटतं.

सुरक्षेबद्दल जरा थांबून लिहितो. चिपरचे रोलर लाकूड ज्या वेगाने खेचतात तो अनेक मशीनांत मिनिटाला ३० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. हाताच्या बोटांपासून खांद्यापर्यंतचं अंतर दीड सेकंदात संपतं. एवढ्या वेळात ओरडताही येत नाही. म्हणून थांबवायची पट्टी कुठे आहे हा या खरेदीतला सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. टेबलाच्या वर आणि बाजूंना, नरसाळ्याला वळसा घालून गेलेला दांडा असावा. टेबलाच्या खालच्या कडेला, मांडीच्या उंचीवर अशी पट्टी असावी की माणूस ओढला गेला तर त्याचा पायच तिच्यावर आपटून रोलर थांबतील. काही मशीनांत तोंडाच्या आत शेवटचा आधार म्हणून ओढायच्या तारा लोंबत असतात. प्रात्यक्षिकात यातली प्रत्येक गोष्ट स्वतः मारून पाहा. रोलर तत्क्षणी थांबले पाहिजेत आणि मुद्दाम रीसेट केल्याशिवाय पुन्हा फिरता कामा नयेत. चालताना सारखी लागते म्हणून एखाद्या मालकाने खालची पट्टी तारेने बांधून ठेवलेली असेल, तर त्याने बाकीचं मशीन कसं वापरलं असेल ते त्यावरून ओळखा. टेबल जितकं लांब तितकं माणूस रोलरपासून लांब. युरोपात या मशीनांच्या सुरक्षेसाठी ईएन १३५२५ हे मानक आहे. ते पाळलेलं असेल तर कागदपत्रांत तसा उल्लेख असतो, तो मागा.

अमेरिकेतल्या वृक्षकामाच्या सुरक्षेचं झेड १३३ हे मानक चिपरपाशी काय करायचं ते नेमकं सांगतं, आणि ते कुठेही लागू पडावं असंच आहे. फांदी बुंध्याकडून घालायची. टेबलाच्या मधोमध उभं न राहता बाजूने घालायची. रोलरने पकडली की लगेच पाठ फिरवून बाजूला व्हायचं. सैल कपडे नकोत, मनगटावर पसरलेल्या कफचे हातमोजे नकोत, आणि झाडावर चढायचा पट्टा, हार्नेस, दोऱ्या अंगावर ठेवून चिपरपाशी यायचं नाही. शेवटचा नियम टोळीतल्या प्रत्येकाला समजावून सांगा. वरून उतरलेला माणूस मदतीच्या ओघात तसाच फांदी घेऊन येतो, कंबरेचा दोर पाल्यात गुंततो आणि फांदीसोबत आत जातो. झाडावर कुणी चढलेलं असेल तेव्हा त्याच्या खाली लोंबणाऱ्या दोराच्या आसपास चिपर उभा करू नका. आखूड तुकडे हाताने ढकलायचे नाहीत. ते एखाद्या लांब फांदीवर ठेवून तिच्यासोबत पाठवायचे किंवा सरळ हौद्यात टाकायचे. टेबलावर चढणं, पायाने ढकलणं यांना कुठलीही सबब नाही. आणि चिपर एकट्याने चालवायचा नाही. दुसरा माणूस आवाजाच्या टप्प्यात असून उपयोग नाही, कारण कान आवाजापासून बचावासाठी झाकलेले असतात आणि आवाज प्रचंड असतो. तो नजरेसमोर हवा.

पात्यांवर या मशीनचं सारं आयुष्य चालतं. चांगल्या पात्याची ढलपी हातात घेऊन बघा: दोन्ही कडा स्वच्छ कापलेल्या, जाडी सारखी, बोटांनी मोडली तर टचकन तुटते. पातं बोथट झालं की ढलपीच्या कडेला केसांसारखे तंतू दिसू लागतात, ढलपीऐवजी लांब चिंध्या येतात, सोबत भुसा वाढतो आणि मशीन थरथरतं. हे दिसलं की त्याच दिवशी पाती उलटवा किंवा बदला. दुधारी पाती असतील तर एक बाजू संपल्यावर दुसरी वापरता येते. दोन संच बाळगा, एक मशीनवर, एक धार लावून तयार. पाती नेहमी संचानेच बदलायची, कारण समोरासमोरच्या पात्यांच्या वजनात फरक पडला की रोटरचा तोल जातो. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर टॉर्क पान्यानेच आवळायचे. पातं आणि समोरची स्थिर पट्टी यांच्यातली फट बहुतेक मशीनांत एक-दोन मिलिमीटर असते, नेमका आकडा पुस्तिकेतला पाळा. ती पट्टीही झिजते, कडा गोल होते, आणि लोक नवी पाती घालून पुन्हा चिंध्याच का येतात म्हणून चक्रावतात.

झाकण उघडायच्या आधी किल्ली काढून खिशात, बॅटरीचा खटका बंद, रोटर पूर्ण थांबलेला आणि त्याची अडकण पिन आत. इंजिन बंद झाल्यावरही जड चकती बराच वेळ फिरत राहते, आणि आवाज नसल्यामुळे ती थांबली असं वाटतं. माती, खडे, खिळे, तारा, झाडूने गोळा केलेला कचरा यांतलं काहीही चिपरमध्ये जाता कामा नये. मुळं तर मुळीच नाहीत. एका खड्याने पूर्ण संचाची धार जाते.

वापरलेलं मशीन घ्यायला काहीच हरकत नाही, पण ते थंड असताना बघायला जा. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर पुन्हा येतो म्हणून सांगा. तासांचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. रोटरच्या मुख्य बेअरिंगांपासून सुरुवात करा. पिन अडकवण्याआधी, इंजिन बंद आणि किल्ली तुमच्या हातात असताना, शाफ्टखाली पहार घालून हलकेच उचलून पाहा. जाणवेल इतकी हालचाल असेल तर तो खर्च मोठा आहे. बेल्ट काढता येत असेल तर रोटर हाताने हळू फिरवून घरघर ऐकू येते का पाहा. मग टॉर्चच्या उजेडात रोटरच्या घराचा पत्रा आतून, धुराड्याच्या वळणावर तो झिजून पातळ होतो. पात्यांच्या बोल्टांचे आटे, चकतीवर किंवा ड्रमवर वेल्डिंगच्या खुणा. रोटरवर कुणी जागेवर वेल्डिंग केलेलं दिसलं तर मी तिथूनच परत फिरतो. फ्रेमच्या दांड्याला जोडापाशी तडे, टायरांचं वय, ब्रेकचे सांधे, दिव्यांची वायर. क्लच कमी फेऱ्यांवर जोडताना जळका वास येतो का, आणि अर्धा तास काम झाल्यावर हायड्रॉलिक नळ्यांना ओल दिसते का.

हा अर्धा तास स्वतःच्या फांद्यांवर घ्या. विक्रेता सरळ, ओल्या, मऊ लाकडाचे दांडे तयार ठेवतो आणि त्यावर कुठलंही मशीन छान चालतं. तुमच्या रोजच्या कामातल्या बेचक्यांचा, वाळक्या गाठींचा आणि पाल्याचा एक ढीग गाडीत घालून न्या. शक्य असेल तर आधी त्याच वर्गातलं मशीन भाड्याने घेऊन दोन-तीन खऱ्या कामांवर टोळीच्या हातात द्या आणि संध्याकाळी त्यांना विचारा की कुठे अडलं. विक्रेत्याला लेखी विचारायच्या गोष्टी मोजक्या आहेत: पात्यांचा संच, बेल्ट आणि स्थिर पट्टी किती दिवसांत मिळेल, रोटरची बेअरिंगं बाजारातल्या मापाची आहेत की खास बनवलेली, आणि मशीन बंद पडलं तर दुरुस्तीला माणूस जागेवर येणार की तुम्ही ते ओढत न्यायचं. दोन मशीनांत निवड अडली असेल तर या उत्तरांवर ठरवा.